तोंडानं बोललेला नवस

सकाळी उठलं की आईच्या हातांना दोन कामं लागोपाठ असतात. आधी माझी पाठ थापायची, मग भाकरी. दोन्हीला ती थापणंच म्हणते. छातीत चिकटलेला कफ सुटावा म्हणून ती मला उशीवर पुढं वाकवून बसवते, तळहात जरा पोकळ करते आणि बरगड्यांवरून खांद्यापर्यंत थापत जाते. मी नऊ वर्षांची असल्यापासून हे चाललंय. त्याआधी दमा समजून औषधं झाली, मग टीबी समजून झाली. शेवटी एका डॉक्टरांनी घामाची तपासणी करायला लावली आणि सांगितलं की हा सिस्टिक फायब्रोसिस, जन्मापासूनचा, आणि जाणारा नाही. आईला तो शब्द अजून म्हणता येत नाही. ती 'फायबर' म्हणते. पाण्याच्या टाकीबद्दल बोलायलीय असं वाटतं, पण मी दुरुस्त करायचं कधीच सोडलं.

मागच्या वर्षी, माझ्या सत्ताविसाव्या वर्षी, फुप्फुसांनी हात टेकले. पालमला झेरॉक्सच्या दुकानात मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे. एका फॉर्मात चार वेळा थांबून मला श्वास घ्यावा लागू लागला तसे लोक शेजारच्या दुकानात जायला लागले. मला त्यांचा लय राग यायचा. आजारानं माणूस गोड होतो असं कुणी म्हटलं तर त्याला माझ्याकडं पाठवा.

हैदराबादचे डॉक्टर म्हणाले, आता दोन्ही फुप्फुसं बदलायचा विचार करा. यादीत नाव घालायचं तर दवाखान्याजवळ येऊन राहावं लागेल, कारण फोन आला की लगेच पोचायचं असतं. बदलल्यावरही किती वर्षं मिळतील ते सांगता येत नाही. ऑपरेशनच्या टेबलावरच जाण्याचा धोकाही आहे. पंधरा दिवसांत काय ते कळवा.

"मपली घ्या की दोन्ही," आई म्हणाली. "मला काय करायचीत आता?"

डॉक्टर हसले नाहीत, हे मला बरं वाटलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं. इथं जिवंत माणसाची घेत नाहीत. ज्याचा मेंदू गेला पण काळीज मशीनच्या आधारानं चालू आहे, बऱ्याचदा अपघातातलं माणूस, त्याच्या घरच्यांनी हो म्हटलं तरच मिळतात. तरुण माणसाची असली तर चांगलं.

गावात सगळ्यांना किडनी देणं तेवढं ठाऊक. त्यामुळे घरी आल्यावर चुलत्यानं बिडी विझवून सांगितलं, "दोन असत्यात की. एक मपलं देऊन टाकतो."

"काका, तुमचं बसवलं तर मला बी बिडी लागंल," मी म्हटलं. तो हसला आणि हसता हसता रडायलाच लागला. मग मला त्याचाही राग आला.

माझं काही ठरत नव्हतं. मला जगायचं होतं, हे सरळच सांगते. जिना एका दमात चढायचा होता, पोटभर भांडायचं होतं. पण हो म्हटलं आणि टेबलावरच गेले, तर हातात आहेत तेवढे महिनेही जाणार. चौदा दिवस मी कधी हो, कधी नाही करत होते. शेवटी आई म्हणाली, "आदी पोखर्णीच्या देवाला जाऊ. नवस बोलते, मग तू काय ते ठरव."

आईच्या नवसाला नियम असतो. तो पोटात ठेवलेला चालत नाही. काय पाहिजे ते देवापुढं तोंडानं, स्पष्ट बोलावं लागतं. माझ्या दहावीच्या वेळी तिनं गणित विषयसुद्धा नाव घेऊन सांगितला होता.

चुलत्याच्या जीपमधून आम्ही गेलो. ऑक्सिजनची नळी लावून मी उंबऱ्याबाहेर बसले आणि ती आत गेली. बऱ्याच वेळानं नारळ तसाच हातात घेऊन बाहेर आली.

"बोललीस का?"

"न्हाई."

"कामून?"

"तोंडातून निघंना माय." ती माझ्याशेजारी टेकली. "एक बाई लेकाला घेऊन आलती. नवी मोटरसायकल घेतलीय त्यानं, पूजेला आणलीय. सुखरूप ठेव म्हणून तिनं नारळ फोडला. मी तिच्या मागंच उभी. त्या पोराच्या छातीकडंच बघायले मी. मग काय मागू, सांग बरं."

मी तिच्या गळ्यात पडायला पाहिजे होतं. राहू दे म्हणायला पाहिजे होतं. पण माझ्यातून निघालं ते वेगळंच. "आणि माझं काय?" मी म्हटलं. "जा. जे लागतंय ते बोल."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि उठली. ती बोलली, मला बाहेर ऐकू आलं. "हिला फुप्फुसं मिळू दे." नारळ फुटल्याचाही आवाज आला. निघताना ती त्या हार घातलेल्या मोटरसायकलला लांबून वळसा घालून जीपपर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी मी हो कळवलं. लोकांचे एवढे फॉर्म भरले, हा माझा स्वतःचा.

आता आम्ही दोघी हैदराबादला दवाखान्याजवळ एका खोलीत राहतो. सात महिने झाले. फोन चार्जिंगला लावून उशाशी ठेवलेला असतो. खोली मोठ्या रस्त्यावर आहे, अ‍ॅम्ब्युलन्स दिवसभर जातात. सकाळी आई माझी पाठ थापत असते आणि लांबून तो आवाज येतो, तेव्हा तिचा हात माझ्या पाठीवर थांबतो. आवाज जवळ येतो, खिडकीखालून जातो, दवाखान्याकडं वळतो. तेवढ्या वेळात ती पुटपुटते, "वाचव रे बाबा, वाचव त्याला." आपण काय नवस बोललोय हे त्या वेळी तिच्या ध्यानात नसतं. मग हात परत सुरू होतो.

मी पुढं वाकून बसलेली असते, माझी पाठ तिच्याकडं असते. त्यामुळे तो आवाज ऐकताना माझं तोंड कसं होतं, ते तिला अजून दिसलेलं नाही.