आधी काट्यावर चढलेली बाई

मुलुंडच्या आमच्या शाळेत वयात येणाऱ्या मुलींच्या तब्येतीवर आणि मनावर संशोधन करणारी एक बाई आली होती. मी वर्गशिक्षिका असलेल्या नववीच्या वर्गात ती डोक्यावरचाच चष्मा पर्समध्ये शोधायची आणि मुलींना गंभीरपणे विचारायची, "हल्ली विसरायला होतं का गं?" मुली खुदखुदायच्या.

वजन करायची वेळ आली तेव्हा एक जाडसर मुलगी भिंतीला चिकटून उभी राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "काटा मोडेल ना यार!" वर्ग हसला. तिचे डोळे भरून आले. मी ओरडणार, तेवढ्यात ती बाई चपला काढून स्वतःच काट्यावर चढली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ब्याऐंशी! मोडला का?"

मग तिने काटा उचलून कपाटाआड नेला. "आता एकेकीने या. आकडा तुमच्या-माझ्यात."

ती रडवेली मुलगी सगळ्यांत आधी गेली आणि बाहेर येऊन मोठ्याने म्हणाली, "ताई माझ्यापेक्षा जड आहेत!" सगळ्यांत जोरात ती बाईच हसली.

त्या संशोधनाचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. वर्ग रिकामा झाल्यावर मात्र मीही हळूच कपाटाआड जाऊन आले. आकडा विचारू नका.