भज्याच्या पुडीतली बातमी

"खा. तुझीच बातमी हाय."

पाचोडचा आठवडी बाजार, भर दुपारची गर्दी. ठेकेदारानं शफीभाईच्या गाड्यावरून भजी घेतली अन् पुडी माझ्या तोंडासमोर धरली. पुडीचा कागद म्हणजे त्याच दिवशीचा पेपर. माझी बातमी तेलात भिजलेली. गेल्या आठवड्यात वाळूजच्या एका कंपनीत टाकी साफ करायला उतरलेला कामगार गुदमरून मेला, एवढंच मी लिहिलं होतं.

मी त्या पेपरची वार्ताहर. माझी माय त्याच बाजारात भाजी विकायची, ठेकेदाराच्या दुकानासमोर बसून. कंपन्यांना माणसं पुरवायचा धंदा त्याचा. गावातली निम्मी पोरं त्याच्याच हाताखाली.

"मालक, पोर हाय, सोडा," माय म्हणाली.

"पोर कशाची? पत्रकार हाय ती. हिची आजी आमच्या गोठ्यातलं शेण काढायची. अन् ही आमच्यावर लिहिणार."

लोक हसले. त्या हसणाऱ्यांचा राग मला अजून येतो. माय माझ्याकडं न बघता म्हणाली, "खा बाई. मिटव." मी भजं तोंडात कोंबलं. टाळू भाजला. डोळ्यात पाणी आलं, अन् ते त्यानं बघितलं.

पण तोंड भरलेलं असलं तरी कान उघडे होते. लोक हसायला लागले की असल्या माणसाची जीभ सुटती. तो म्हणाला, "मीच म्हणलो होतो त्याला, उतर म्हणून. उतरला, मेला. त्यात पेपरात घालण्यासारखं काय हाय?" अन् लगेच पुढं, "उद्या खुलासा छापायचा. तो माणूस माझ्याकडं कामालाच नव्हता म्हणून."

मेलेल्याची बायको रोज कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहायची. कंपनी म्हणायची, ठेकेदाराला विचार. ठेकेदार म्हणायचा, असा कुणी माझ्याकडं नव्हताच. तिचा नवरा कुणाच्या कामावर मेला, एवढं कबूल करायला कुणी तयार नव्हतं. अन् इथं ह्यानं भर बाजारात कबूल केलं होतं, मला भजं चारता चारता.

बाजार उठायच्या आत संभाजीनगरच्या कचेरीतून संपादकाचा फोन आला. "त्यांच्या जाहिराती येतात गं आपल्याला. दोन ओळींचा खुलासा पाठव, विषय संपव."

"खुलासा नाय. बातमी पाठवते," मी म्हणलं, अन् सगळं सांगितलं.

त्यानं ठेकेदाराचं वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. मग म्हणाला, "नावानिशी साक्षीदार आण. छापतो."

अख्खा बाजार होता की साक्षीला. पण हसणारे सगळे म्हणाले, आम्ही काय ऐकलं नाय बुवा. शफीभाई मात्र कढईवरची मान वर न करता म्हणाले, "मेरेच हात की भजी थी, बेटी. हम सुने. नाम डालो हमारा."

मायला मी विचारलंच नव्हतं. पाटी आवरता आवरता तीच म्हणाली, "माझं बी टाक. आडनावासकट टाक."

"बसायची जागा जाईल, माय."

"जाऊ दे. तुला खा म्हणले मी. ते मला पचंना."

सकाळी बातमी आली. त्याचं वाक्य, जसंच्या तसं. साक्षीदारांची दोन नावं. अन् वर माझं. तोवर माझ्या बातमीवर नुसतं 'वार्ताहर' छापायचे. मेलेल्याची बायको ते पान घेऊन पोलिसात गेली. आमचे जबाब झाले, गुन्हा दाखल झाला.

माय आता रस्त्याच्या कडंला बसती, उन्हात. परवा ठेकेदाराचा माणूस येऊन गेला. "दादा माफी मागायला तयार हायत. बाजारात, सगळ्यांसमोर."

माफी! त्यानं हात जोडायचे, मी मोठ्या मनानं हसायचं, अन् कोर्टात आमच्या जबान्या पातळ व्हायच्या. मी काय दूधखुळी हाय का?

मला त्याची माफी नको. त्याची जिरलेली बघायची हाय. तारीख लागली की मी कोर्टात उभी राहणार अन् त्याच्या डोळ्यात बघून त्याचंच वाक्य म्हणणार, "मीच म्हणलो होतो त्याला, उतर म्हणून. उतरला, मेला." निकालाची बातमी पण मीच लिहिणार. शफीभाईला सांगून ठेवलंय, त्या दिवशी भजी त्याच पानात बांधा. पुडी मी स्वतः ठेकेदाराच्या दारात नेऊन देणार.