गरम लागलं का?

हाडांच्या दवाखान्यात माझ्या मामाला सगळे गवंडी म्हणत. डॉक्टर हाड बसवून पुढच्या पेशंटकडे वळायचे आणि प्लास्टर मामावर सोडायचे. मी त्याची सख्खी भाची, त्याच खोलीत त्याच्या हाताखाली कामाला. घरी लाड, खोलीत शिव्या, असा माझा हिशेब बरोबर जुळायचा.

शिव्या बहुतेक बादलीवरून. एका पेशंटच्या पट्ट्या भिजवलेलं पाणी दुसऱ्याला वापरलेलं दिसलं की मामा खवळायचा. "अगं, प्लास्टर म्हणजे दगडच आहे. भाजून त्याचं पाणी काढून घेतलंय. पाणी परत दिलं की पुन्हा दगड होतो, आणि होता होता ऊब सोडतो. बादलीत जुने कण राहिले तर नवा दगड त्यांना धरून भराभर जमतो. कोमट पाण्यात आणखी घाई. थंड पाण्यात रेंगाळतो." घाई झाली की गुंडाळणारा मागे पडतो, रेंगाळला की पेशंट हलतो, हे त्याचं पुढचं वाक्य मला पाठ होतं.

पट्टी गुंडाळून झाली की तो दोन्ही तळव्यांनी प्लास्टर दाबून धरायचा आणि विचारायचा, "गरम लागलं का?" त्याच्या तळव्यांची कातडी कामाने निबर झाली होती, त्याला ऊब फार उशिरा कळायची. पेशंट "हो" म्हणाला की आणखी थोडा वेळ धरून मग सोडायचं.

पुढे त्याची बोटं आखडायला लागली. पट्टी अर्ध्यावर असतानाच प्लास्टर जमू लागायचं. मामाने कुणाला सांगितलं नाही, बादलीत बर्फ टाकायला लागला. मी हटकलं तर म्हणाला, "उकडतंय." भर थंडीत उकडतंय! मी भांडले. "पेशंट हलला म्हणजे?" तर म्हणे, "माझ्या हातून आजवर एक तरी हाड सरकलंय?" नव्हतंच सरकलं. आणि या खोलीशिवाय त्याला दुसरं जग नव्हतं, हे मलाही दिसत होतं. तरी राग यायचा तो यायचाच.

मग मामी न्हाणीघरात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. मामी शिंप्याच्या दुकानात काजं करायची. तिच्यासारखं काज आख्ख्या बाजारात कुणाचं नाही, असं ती स्वतःच सांगायची. उजवा हात म्हणजे तिचं पोट आणि तिचा तोरा, दोन्ही.

डॉक्टरांनी हाड बसवलं. "गवंडी, घरचं काम आहे, नीट करा," असं हसून म्हणाले आणि गेले. मी कोपर धरलं. बादलीत बर्फ तरंगत होता. मी मामाकडे डोळे वटारून पाहिलं, त्याने पाहिलंच नाही. पट्टी मात्र सुरेख गुंडाळली, एक सुरकुती नाही.

"गरम लागलं का?"

"नाही अजून."

मामाची बोटं थरथरायला लागली. मी म्हटलं, "मी धरते." तो म्हणाला, "तू कोपर सांभाळ."

"आता लागलं का?"

मामीने त्याच्या बोटांकडे पाहिलं. "लागलं हो," ती म्हणाली. "चांगलं गरम लागलं. सोडा आता."

त्याने सोडलं. त्या गार ओल्या ओझ्याने मामीला हुडहुडी भरली आणि सगळा हात हलला.

पुढच्या एक्सरेत हाड सरकलेलं दिसलं. डॉक्टरांनी विचारलं, "हात हलवला होता का?"

"हो, मीच हलवला," मामी म्हणाली. "आणि गरम लागलं म्हणून खोटं सांगितलं. यांची बोटं बघवेनात मला."

मामा भिंतीला टेकून उभा होता. "बर्फ मी टाकला होता," तो म्हणाला. "बोटं चालत नाहीत माझी. बरेच दिवस चालत नाहीत." मला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त संताप आला.

मामीचा हात बधिर करून हाड पुन्हा बसवलं. या वेळी पट्टी मी गुंडाळली. पाणी ताजं, साधं. मामा स्टुलावर बसून राहिला. माझी पट्टी काही त्याच्यासारखी नव्हती, एका जागी फुगली होती. तो त्यावर एक शब्द बोलला नाही, आणि त्याच्या शिव्या नसलेली ती खोली मला सोसवेना. मी दाबून धरलं. सवयीने तो पुटपुटला, "गरम लागलं का?"

मामी म्हणाली, "मला काय कळणार? हात बधिर आहे. तुम्हीच बघा."

तो उठला. आखडलेली बोटं जमतील तशी उघडून त्याने तळवा प्लास्टरवर ठेवला. निबर कातडीतून ऊब आत पोचायला बराच वेळ लागला.

"लागलं," तो म्हणाला आणि रडायला लागला. डाव्या हाताने मामीने त्याचा तळवा तिथेच दाबून धरला.