बाटलीत उरलेल्या दोन गोळ्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तिच्या गोळ्या मोजणं. मंगळवार होता. बायको उंबऱ्याजवळ विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सूप बाजूला सरकवलं, पदरावर बाटली उपडी केली आणि एका बोटानं गोळ्या सरकवत मोजल्या. सोळा होत्या. उरायला पाहिजे होत्या दोन. दोन तिनं बाटलीत परत टाकल्या, चौदा माझ्या हातावर ठेवल्या.

"नीट बारीक करा," म्हणाली. "मागल्या बारीला निम्म्या तशाच ऱ्हायल्या हुत्या. एक काम धड हुईल तर शपत."

मी मोरीत जाऊन चौदाच्या चौदा दगडानं ठेचल्या आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. मग आम्ही दवाखान्याला निघालो.

गोळ्या कसल्या ते सांगतो. एचआयव्हीच्या. आम्हा दोघांना होता. घरात मी आणला. कुठनं आणला ते तिनं एकदाच विचारलं, मी सांगितलं. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी ताट वाढलं. त्याच्यावर आणखी लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नाही.

मी टॉवेलच्या कारखान्यात मागावर होतो, ती घरात विड्या वळायची. लेक टेंभुर्णीला दिलीय, तिला आमच्या आजाराचं माहीत नव्हतं. गल्लीत तर कुणालाच नव्हतं. पिशवीत बाटली खुळखुळली तर शेजारीण विचारील, म्हणून बायको बाटलीत कापूस कोंबायची. आमचं सगळं जगणं असं कापूस कोंबून चाललं होतं.

रोज रात्री जेवून एक गोळी घ्यायची. मी घ्यायचो. ती खाडे करायची. गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी डोकं जड होतं, बोटं चालत नाहीत, म्हणायची. विड्या कारखान्यात द्यायच्या असल्या की आधीच्या दोन रात्री तर हातच लावायची नाही. हे दवाखान्यात सांगितलं असतं तर दुसरी गोळी मिळाली असती का, हे मी आता विचारतो. तेव्हा विचारायचं डोक्यात आलं नाही.

ती लहानपणापासून विडी कारखान्याच्या धाकात वाढलेली. तिथं बंडलात एक विडी कमी भरली की तपासणारा पुढची बंडलं बी उचकटणार, आणि मग छाट. छाट म्हणजे विड्या नापास. लई छाट निघाली की कार्ड बंद, म्हणजे कामच बंद. दवाखान्यात सिस्टर दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजते हे तिनं पहिल्यांदा बघितलं, आणि तिथंच तिचा समज झाला की ही पण छाटच. मोज बरोबर भरली पाहिजे, नाहीतर गोळ्या बंद. मी चौथी शिकलेला, मलाही तेच पटलं. आम्हाला कुणी दमदाटी केली नव्हती. सिस्टर तर जेवलात का म्हणून विचारायची. तरी त्या टेबलापुढं आम्ही दोघं चोरासारखे उभे असायचो.

त्या मंगळवारी मोज बरोबर भरली. पण रक्ताच्या तपासणीत तिच्या अंगातला विषाणू लई वाढलेला निघाला होता, म्हणून सिस्टरनं आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं एक पोरगी बसली होती. डॉक्टरच, पण अजून वरचं शिकत होती. गोळ्या चालू असताना विषाणू का वाढतो, यावर तिला प्रबंध लिहायचा होता. एचआयव्हीचं बघायची, काविळीच्या विषाणूचं पण बघायची. आम्हाला तिनं आजी-आजोबा म्हटलं, खुर्च्या दिल्या. गोळीत खाडे पडले तर विषाणू गोळीला सरावतो, निबर होतो, मग ती गोळी त्याला लागत नाही, असं समजावलं. तसं झालंय का ते रक्तावरून कळतं, पण रक्त बाहेरगावी जातं, रिपोर्टला वेळ लागतो, असं म्हणत बायकोचं रक्त काढून घेतलं. मग तिनं पेन उघडलं आणि विचारलं, महिन्यात किती दिवस गोळी चुकली.

"एक बी न्हाय," बायको म्हणाली.

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "व्हय. माझ्या म्होरंच घेती की रोज."

तिनं कागदावर शून्य लिहिलं. उलट्या बाजूनं मला कागद वाचता येत नाही, पण शून्य उलटं बी शून्यच दिसतं.

बाहेर आल्यावर मी दारातच थांबलो. सांगून टाकू या का, म्हटलं. ती म्हणाली, "जावा, सांगा की. उद्यापासनं दोगांच्या बी बंद. मग बसू एकमेकाच्या तोंडाकडं बगत." आणि हसली. मला हसू आलं नाही.

गुरुवारी तिला ताप भरला. शनिवारी तिनं मला ओळखलं नाही. मेंदूतला टीबी, म्हणाले. बारा दिवस वॉर्डात होती. दर पाळीला नवा डॉक्टर यायचा आणि एचआयव्हीच्या गोळ्या नीट घेत होत्या का, असं विचारायचा. दर वेळी मी रोज म्हणून सांगायचो. एक जण म्हणाला, म्हणजे गोळीच लागू पडत नाही, रिपोर्ट आला की औषध बदलू. पांढरा कोट दिसला की मी भिऊन खाली बघायचो. भीती तिच्यासाठी होती. आणि माझ्या बाटलीसाठी पण होती. हे लिहायला लाज वाटते, पण होती. लेक उशाशी बसायची, तिला मी नुसतं टीबी एवढंच सांगितलं. तेराव्या दिवशी दुपारी बायको गेली.

विहारात तिचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. माझ्या गोळ्या संपत आल्या म्हणून एकटा दवाखान्यात गेलो, तर त्या पोरीनं हाक मारली. रिपोर्ट आला होता. मला वाटलं होतं, आता म्हणणार की विषाणू निबर झाला होता, इलाज नव्हता. खरं सांगतो, तसंच म्हणावं असं मला वाटत होतं.

ती म्हणाली, "आजोबा, आजींचा विषाणू निबर नव्हता. गोळी लागू पडली असती."

मी खुर्चीवर बसलो. तिनं पाणी दिलं. म्हणाली, मला हेच कळत नाही. पोटात गोळी गेलीच नाही तर असं होतं, पण आजी तर रोज घेत होत्या ना?

अजून वेळ होती. मी म्हटलं, "घेत व्हती."

तिनं मान हलवली. मग दुसरं कारण शोधावं लागेल, म्हणाली, तुम्ही पण त्याच गोळ्या खाता, तुमचं रक्त देता का. मी हात पुढं केला. ती शीर शोधत होती आणि मला वाटत होतं, सुई आत गेली की सगळंच बाहेर येणार.

घरी येऊन दिवसभर भिंतीला टेकून बसलो. ही पोरगी आता खोट्यावर पुढचं लिहिणार. ते कुणीतरी शिकलेला माणूस वाचणार. रोज गोळी घेऊन बी बाई गेली, असं वाचून दुसऱ्या कुठल्या बाईची चांगली चाललेली गोळी बंद करणार. आणि मी बोललो तर माझी बंद होणार, असं तेव्हा बी वाटतच होतं. वॉर्डात पहिल्याच दिवशी बोललो असतो तर ती वाचली असती का, हे मी आजवर कुणाला विचारलं नाही. उत्तराचं भ्या वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेताच गेलो. पोरगी आली तेव्हा मी तिच्या दाराशी उभा होतो. तिच्या खांद्याला डब्याची पिशवी होती, ती तशीच राहिली.

"बाई, मी सांगितल्यालं खोटं हाय," म्हटलं. "माझी मंडळी आठवड्यातनं चार दिस घ्यायची, कदी तीन. उरलेल्या आमी टाकून द्यायचो. माझ्या हातानं. तिनं न्हाय, मी."

 मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. "आता माझ्या गोळ्या बंद करनार का?"

"नाही हो आजोबा. गोळी चुकली म्हणून आम्ही कुणाच्याच गोळ्या बंद करत नाही. तुमच्याही नाही, आणि आजींच्याही कधी केल्या नसत्या."

तिनं कुलूप काढलं, खुर्ची पुढं केली, आणि कधीपासून म्हणून विचारलं. मी बसलो आणि पहिल्या महिन्यापासून सांगायला लागलो.