प्लग उपटणारे सर

"आता?" एवढंच म्हणायचे आमचे सर, आणि तोवर भिंतीतला प्लग त्यांच्या हातात आलेला असायचा.

इस्लामपूरकडच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करत होते. डेमो ऐन रंगात यायचा आणि स्क्रीन काळी व्हायची. आमच्या तोंडचं पाणी पळायचं. सर मात्र चपला फरफटत फळ्याकडं जायचे. "लाईट काय तुमास्नी इचारून जाती? पदवीचं अर्धंच नाव वाचून ॲडमिशन घेतलंय तुमी. कॉम्प्युटर वाचलं, इंजिनिअरिंग ऱ्हायलं." एवढा शिकलेला माणूस, पण बोलणं वाळव्याच्या शिवारातलं, आणि ते बदलायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

एकदा एका पोरानं प्लगला चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे मारले. सरांनी वाकून ती कारागिरी बघितली, "झ्याक हाय गड्या," म्हणाले, आणि जाऊन मेन स्विच पाडला. आम्ही पोट धरून हसलो. माझी पाळी आली तेव्हा ते हसू कुठल्या कुठं गेलं.

माझा प्रोजेक्ट म्हणजे विहिरीवरची मोटर चालवणारी पेटी. आमचं शेत पलूसजवळ. लाईट कधी येईल, कधी जाईल, नेम नाही. उसाला पाणी पाजायचं तर माणसानं मोटरजवळ राखणीला बसायचं. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते, "लाईट आली की मोटर आपली आपण चालू व्हावी, एवढं कर बाई." मी केलं. वर पाण्याची पातळी, मातीची ओल, मोबाईलवर निरोप, सगळं घातलं. तशीच एक पेटी हौसेनं घरच्या विहिरीवरही बसवून टाकली. पुण्याच्या कंपनीचं बोलावणं आलं होतं, तोंडी परीक्षा तेवढी पास व्हायची होती.

बाहेरून आलेले परीक्षक खूश होते. टेबलावरची छोटी मोटर बादलीतलं पाणी उपसत होती. सर उठले.

"आता?"

मी तयारीतच होते. "परत लावा की सर!"

त्यांनी प्लग लावला. मोटर घुर्र करून आपोआप सुरू झाली. परीक्षक "वा!" म्हणाले. सरांचा चेहरा मात्र उतरला.

"पोरी, पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह चोंदला तर हिरीत कोण उतरतं?"

"आबा."

"कवा?"

"लाईट नसते तेव्हा. मोटर बंद असते ना, म्हणून..." आता लाईट आली की तीच मोटर आपोआप सुरू होणार होती, विहिरीत कुणी असो वा नसो.

"घरच्या हिरीवर बसवलीयास न्हवं? फोन लाव." सरांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

आबांचा फोन नुसता वाजत राहिला. मग आईला लावला. "आबा कुठायत?"

"हिरीत उतरल्यात. व्हॉल्व्ह चोंदलाय. लाईट न्हाई तवर काढतो म्हणालं."

"आई, पळ! पेटीचा खटका पाड आधी!"

फोनमधून नुसती तिची धाप आणि पाचोळ्याचा आवाज. डोळ्यांपुढं आबा, ओल्या अंगानं पाइपाला मिठी मारलेले. सरांनी माझा खांदा घट्ट धरला होता.

"पाडला बाई. झालं तरी काय?"

मी तिथंच फरशीवर बसले आणि रडले.

लाईट तासाभरानं आली. तोवर आबा वर येऊन चहा पीत बसले होते. पण आधी आली असती तर? हा विचार अजून माझा पिच्छा सोडत नाही.

परीक्षक म्हणाले, "बाकी काम उत्तम आहे. पास करून टाकू."

"न्हाई," सर म्हणाले. "पुढच्या टायमाला."

पुण्याची नोकरी गेली. मी सरांशी बोलणंच टाकलं. ज्यानं बापाचा जीव जपला त्याचाच राग येतोय, हे सांगणार तरी कुणाला! शेवटी तेच लॅबच्या दारात आले. "जेवलीस का रुसूनच बसलीयास?" पुढचं सत्र आम्ही दोघं त्या पेटीच्या मागं लागलो.

दिवाळीनंतर सरांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी मिरजेला नेलं. भेटायला गेले तर नाकात नळी, चारी बाजूंनी यंत्रं. मला जवळ बोलावून कुजबुजले, "लाईट गेली तर जनरेटर किती येळात चालू हुतो, इचार बरं त्या सिस्टरला." सिस्टर हसली, मीही हसले. जिन्यात येऊन मग रडून घेतलं. सर तिथून घरी आले नाहीत.

दुसऱ्या परीक्षेला परीक्षक नवे होते. मोटर चालली, पाणी पडलं. "छान. झालं तुमचं," ते म्हणाले.

"सर, एक राहिलंय."

मी उठले आणि माझ्याच हातानं प्लग उपटला. थोडं थांबून परत लावला. मोटर गप्प. पेटीवरचा तांबडा दिवा तेवढा उघडझाप करत होता, आणि खाली अक्षरं आली: विहिरीत कुणी आहे का?

"बंद पडलं का?" परीक्षकांनी विचारलं.

स्विचबोर्डाजवळ आता कुणी उभं नव्हतं, तरी माझी नजर तिकडं गेलीच.

"नाही सर," मी तिकडं बघतच म्हणाले, "विचारतंय."