हनुवटीवरचा हात

वीस वर्षं माझा डावा हात माझा नव्हताच. तो पदराचा होता. पदराचं टोक चिमटीत धरून हनुवटीवर ठेवायचं, एवढीच त्याची नोकरी. सुट्टी नाही की बदली नाही. हळदीचं पोतं मी एका हातानं ओढलं, लेकरू एका हातानं कडेवर घेतलं, अन् भजनात टाळीची वेळ आली की उजवा हात मांडीवर आपटला. त्यापायी माझी उजवी मांडी डावीपेक्षा चपटी झाली. पटत नसेल त्यानं पटवून घेऊ नये.

कारण हनुवटीवरचे केस. थोरलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर पहिला आला. मी त्याला चिमट्यानं उपटला, तर त्याच्या तेराव्याला त्याचं सगळं गणगोत आलं, अन् जेवून परत गेलंच नाही.

सासूबाईंकडं यावर एकच औषध, हळद. आमच्या कुरुंद्यात, हळदीच्या गावात, दुसरं काय निघणार? मसुराचं पीठ, साय अन् वरून मूठभर हळद. "घास, घास. जातेत," म्हणायच्या. मी इतकी घासली, की गावची निम्मी हळद वसमतच्या बाजारात गेली अन् निम्मी माझ्या हनुवटीनं खाल्ली. केस होते तिथंच राहिले, फक्त पिवळे दिसायला लागले.

शेवटी लेकीनं धरून नांदेडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, अंगातल्या हार्मोनची भानगड सांगितली, गोळ्या दिल्या अन् म्हणाल्या, लेसर करू. उजेडाचा झटका केसाच्या काळ्या मुळाशी जातो अन् मूळ जाळतो. सहा-सात खेपा लागतील, दर महिन्या-सव्वा महिन्यानं एक.

"कायमचे जातेत का?" मी विचारलं.

"बरेच कमी होतील. सगळेच जातील असं मी सांगणार नाही."

मला बाई आवडली. हळद इतकं खरं कधी बोलली नव्हती.

पण पहिल्याच खेपेला मी घोळ घातला. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण अंगण सारवतो की नाही? तसं मी आदल्या दिवशी चिमटा घेऊन बसले अन् एकूण एक केस उपटला. परक्या बाईपुढं असं रान घेऊन कसं जायचं! डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं अन् कपाळाला हात लावला. "अहो, मुळंच उपटून आलात. आता लेसर जाळणार काय?"

झालं. आल्या पावली परत. वर हुकूम मिळाला: महिनाभर चिमटा नाही, दोरा नाही. वाढू द्यायचे, अन् यायच्या आदल्या दिवशी दाढी करून यायचं.

"काय करून?"

"दाढी. अन् कापून घेऊ नका."

त्या महिन्यात मी जे पीक काढलं, तसं पंचक्रोशीत कुणाच्या रानात नव्हतं. पदर पुरेना. आदला दिवस उजाडला तसा मी मालकांकडं त्यांचा रेझर मागितला. आमच्या मालकांची दाढी म्हणजे मुरमाड रानातलं गवत, या बांधाला एक काडी अन् त्या बांधाला एक. माझी बागायती. तरी रेझरवर हक्क त्यांचाच.

"बाईमाणसाचं काम हाय का हे?" ते म्हणाले.

सासूबाई आतून ओरडल्या, "पातं लावू नको गं! एकदा लावलं की गुडघ्याला येती दाढी."

"आत्याबाई," मी म्हटलं, "तुमचं पोरगं तीस वर्षं पातं लावून राहिलं. त्याची काहून आली न्हाई मग गुडघ्याला?"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मालक रेझर ठेवून गोठ्याकडं गेले.

आरसा तळहाताएवढा. डावा हात सवयीनं पदरावर, उजव्या हातात रेझर. पहिल्याच हाताला जबड्याखाली कापलं. रक्त थोडंसंच आलं, पण मी घाबरले. उद्याची खेप गेली की पुन्हा महिनाभर पदर, अन् हा डावा हात पुन्हा वेठीला. मग डोक्यात आलं, विहीर खोदायला आपण विहीरवाला बोलावतो, तर दाढी करायला घरी काहून बसावं? गावात दाढी करणारा माणूस बसलाय की, भर चौकात.

चपला घातल्या. मालक आडवे आले. "कुठं चालली?"

"कटिंगच्या दुकानात."

"गावात तोंड दाखवायला जागा ठेवायची न्हाई का तुला?"

"तोंडच तर दाखवायला चालले."

बाजाराचा दिवस होता. दुकानात खुर्चीवर एकजण फेस लावून बसलेला, बाकावर तिघं पेपर वाचत. मी आत पाय टाकला अन् पेपर खाली झाले. खुर्चीवरचा तर तसाच उठला, अर्ध्या गालाला फेस घेऊन बाहेर पडला. ऐकते, तो औंढ्यापर्यंत पळाला, अन् अजून त्याच्या एकाच गालाला दाढी येते.

दुकानदार माझ्या दोन्ही लेकरांचं जावळ काढलेला माणूस. म्हणाला, "वैनी, रस्ता चुकल्या का?"

"न्हाई. नंबर कितवा?"

"बायांचा नंबर नसतो हो इथं."

"म्हणजे माझा पहिलाच," म्हणून मी खुर्चीत बसले.

त्यानं कंगवा खाली ठेवला. "भाऊला इचारलं का?"

"तुझ्या भाऊनं इथं बसताना मला इचारलं व्हतं का कधी?"

बाकावरचा एकजण फिसकन हसला. दुकानदार शटर ओढायला निघाला.

"उघडं राहू दे," मी म्हटलं. "चोरी न्हाई करून राहिले मी."

त्यानं नवं पातं काढलं, अर्धं मोडून वस्तऱ्यात बसवलं, अन् माझ्या गळ्याला पांढरं कापड बांधलं. दोन्ही हात कापडाखाली गेले. डावा हात पदर शोधत तिथं चाचपडत राहिला, पण पदर त्याला सापडेना. समोर हा एवढा आरसा. त्यात मी, माझी दाढी, अन् पाठीमागं दारात सगळा बाजार. वांगेवालीचा तराजू अधांतरी राहिला, म्हशीचा सौदा मोडला, एक कोंबडं म्हणे दुपारी आरवलं. मी आरशातूनच सगळ्यांकडं पाहिलं. एकेकाची नजर खाली गेली. माझी गेली नाही.

"उलटा हात मारू का?" त्यानं विचारलं, जसं कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारतो तसं.

"सुलटाच. अन् तुरटी लावू नको, डॉक्टरनं सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हनुवटीवर बोट फिरवलं. "कुणी केली? माझ्या नवऱ्याचीसुद्धा इतकी साफ होत नाही." कापलेली जागा सोडून त्यांनी काम सुरू केलं. डोळ्यांवर काळा चष्मा, हनुवटीवर गार चिकट मलम, अन् मग चट, चट, चट, फोडणीतली मोहरी उडून गालावर बसावी तसं. भाजलेल्या कोंबडीचा वास आला. तो वास मी पोट भरून घेतला.

पुढच्या सगळ्या खेपांना दाढी त्याच दुकानात. दुसऱ्या वेळेला बाकावरचे हलले नाहीत, तिसऱ्या वेळेला एकानं सरकून जागा दिली. मालक एकदा माझ्याच मागं नंबर लावून बसले, माझ्याकडं न पाहता.

आता रान मोकळं झालंय. मागं राहिलेत ते चार-सहा पांढरे. लेसरला पांढरा केस दिसत नाही, त्याला काळंच लागतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुईनं काढता येतील. म्हटलं, बघू. त्यांना झाकायला मी हात देणार नाही, एवढं नक्की.

परवा एकादशीला मारुतीच्या पारावर भजन होतं. गजर सुरू झाला. वीस वर्षांची सवय, उजवा हात मांडीकडं निघाला. मधेच त्याला डावा भेटला. अशी टाळी वाजली, की पिंपळावरची पाखरं उडून थेट शिरड शहापूरला जाऊन बसली.

"हळू गं," शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मृदंग फाटंल."

मी आणखी जोरात वाजवली.