तीन बोटांच्या मुंग्या

दोस्तहो, डोकं तापलंय म्हणून हा कागद कॉमन रूमच्या फळ्यावर लावतोय.

उद्या अ‍ॅनाटॉमीची तोंडी परीक्षा. आज सकाळी महाल भागातल्या आमच्या घरी मी हाताच्या नसांचं पान मोठ्यानं म्हणत होतो. अख्खं इंग्रजी पान, एकही शब्द न चुकता. आठवडाभर घोकलंय ते.

आईनं हातमाग थांबवला. "हे हाताचंच होय ना? मंग सांग, माह्या तीन बोटांले मुंग्या काहून येतात? करंगळीले तर नाही येत."

मी तोंड उघडलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून तेच पान सुरू झालं. मधलं नेमकं काढून सांगताच येईना.

"राहू दे गा. परीक्षेत नसंल ते," म्हणत ती कामाला लागली.

मला स्वतःचीच चीड आली. पुस्तक उघडलं, तर उत्तर त्याच पानावर! अंगठा आणि पुढच्या दोन बोटांची नस वेगळी, करंगळीची वेगळी. पहिली मनगटाशी दबत असणार.

मग तिच्याच बोटांवर पेनानं नावं लिहून मी तिला आपल्या बोलीत समजावलं. दहा मिनिटांत माझ्याच डोक्यात पक्कं बसलं. बाकीची शेकडो पानं मात्र तशीच, नुसती तोंडपाठ. आता ती कोणाला समजावू?

"मंग याले इलाज काय?" आईनं विचारलं.

तो आमच्या पुस्तकात नाही. वरच्या वर्गातल्या कोणाला माहीत असेल, तर कृपया खाली लिहाल का?